मागे घेतलेले हात

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय आणि आमच्या गल्लीतला कीर्तनकार रोज क्षमा करायला सांगतो. मी चालते. या वयात माणसानं कडवट राहू नये, असं माझ्या सुनांचंही मत आहे, आणि त्या मुली गुणी आहेत म्हणून मी त्यांच्यापुढे मान डोलावते. पण माझ्या घरात दोन फोटो आहेत, एक ओटीच्या भिंतीवर आणि एक कपाटात साड्यांच्या खाली पालथा घातलेला. जोवर ते दोन्ही जागच्या जागी आहेत तोवर मला कुणी क्षमेच्या गोष्टी सांगू नयेत. हे प्रकरण त्या दोन फोटोंचं आहे. सांगताना माझा आवाज चढेल, त्याला इलाज नाही.

आमचं घर अर्नाळ्याला, बंदराच्या अंगाला. पुढे अंगण, अंगणापुढे बोंबील वाळत घालायच्या वलांडी, त्यांच्यापुढे वाळू आणि वाळूवर बाबांची होडी. दिवसभर घरात तीन आवाज असत. एक वाऱ्यानं बोंबील एकमेकांवर घासल्याचा, एक आईच्या बांगड्यांचा आणि तिसरा बाबांच्या गाण्याचा. जाळं शिवताना ते एकच ओळ घोळवत बसायचे, पुढची ओळ त्यांना कधी आठवायचीच नाही. सकाळी तांदळाची भाकरी आणि रात्रीचं उरलेलं मासळीचं आंबट, दुपारी भात आणि जे जाळ्यात आलं ते. चांगली मासळी आई विकायला न्यायची, डोकी आणि शेपट्या आम्हाला. पण बाबा ताटात डोकं घेऊन असं चोखायचे की बघणाऱ्याला वाटावं खरी चव तिथेच आहे. मी अजून मासळीचं डोकंच आधी खाते.

बाबा तांडेल. आमच्यात तांडेल म्हणजे होडी त्याची आणि दर्यावर शब्दही त्याचा. हिरामामा हा आईचा धाकटा भाऊ. पाचूबंदरला त्याचं कुणाशी पटेना, म्हणून आईनं त्याला आमच्याकडे बोलावून घेतलं. एका गाठोड्यानिशी आला आणि आमच्या ओटीवर निजू लागला. बाबांनी त्याला होडीवर घेतलं, दर्या शिकवला, लग्न लावून दिलं, अंगणाच्या कडेला खोपटं बांधून दिलं. मामा दिसायला देखणा होता, हे मला कबूल केलं पाहिजे. उंच, नाक सरळ, आणि बोलणं असं गोड की बाया मासळीचा भाव विसरायच्या. मला तो खांद्यावर बसवून बंदरावर न्यायचा. मी त्याच्यावर जीव टाकायचे, आणि म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं झोंबलं.

एका नारळी पुनवेच्या तोंडावर आमच्या घरी मुलगा झाला. माझ्या पाठीवर आईची दोन मुलं गेली होती, त्यामुळे हा वसंता म्हणजे बाबांना आभाळ ठेंगणं. पाचवीसुद्धा पुजायची होती आणि पुनव आली. आता आमच्यात पुनवेला दर्याला सोन्याच्या कागदात मढवलेला नारळ देतात. ज्याची होडी, त्याच्या हातात तो नारळ. पण घरात बाळंतीण म्हणजे सोयर. सोयर असेतो त्या कुळातल्या कुणी देवाला शिवायचं नाही, पूजेच्या नारळाला तर नाहीच. बाबा पेचात पडले. दर्याला नारळ चुकवायचा नव्हता आणि हात लावायचा नव्हता. तेव्हा आईनंच आतल्या खोलीतून सुचवलं की हिराच्या हातात द्या, तो माझ्या माहेरचा, त्याचं कूळ वेगळं, त्याला सोयर नाही. आईच्या तोंडून ते वाक्य गेलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली.

मुलगा झाल्याच्या आनंदात बाबांनी आणखी एक गोष्ट केली. माणिकपूरहून फोटोवाला बोलावला. इनास त्याचं नाव, ख्रिस्ती माणूस, पेटीसारखा कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड सायकलला बांधून आला. घरातली एकुलती खुर्ची वाळूत नेऊन ठेवली. नारळ धरणारा उभा राहत नाही, त्याला बसवायचं असतं, म्हणून मामा खुर्चीवर बसला. कपाळाला गंध, लाल टोपी, मांडीवर सोन्याचा नारळ. दोन्ही बाजूंना आमचे दोन खलाशी, त्यांचा एकेक हात खुर्चीच्या पाठीवर. मागे बाबा, आणि बाबांच्या बाजूला परकरातली मी. इनासनं काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, तांडेल, हात पुढे घ्या, फोटोत हात दिसले पाहिजेत. बाबांनी हात पाठीमागे घट्ट धरले होते. ते हसले आणि म्हणाले, "सोयर हाय रे बाबा. चुकून नारळाला लागला तर दर्या मना इचारील." मलाही घरून निघताना बजावलं होतं, म्हणून मीही हात मागे घेतले. त्या फोटोत आम्ही दोघं बापलेक एकसारखे उभे आहोत. कुणी बघितलं तर वाटेल, आम्हाला कुणी पकडून आणलंय.

तो फोटो चौकटीत बसून आला आणि ओटीवर लागला. आई बाहेर आली तेव्हा तिनं बघितला आणि म्हणाली की घरधनीण नाही, पोर नाही, हा कसला घरचा फोटो. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी सगळ्यांचा काढू. पण त्या पावसाळ्याअखेर बाबांना खोकला लागला तो लागलाच. पुढच्या पुनवेला बंदरापर्यंत चालताना ते दोनदा बसले, आणि नारळ पुन्हा मामाच्या हातात गेला. मग दरवर्षीच जाऊ लागला. बाबांनी ते मनावर घेतलं नाही. घरचाच माणूस, असं म्हणायचे. मुलं चिडवायची, तुझा बापूस ओटीवरचा तांडेल. ओटीवर बसून जाळं शिवता शिवता, ती एकच ओळ म्हणता म्हणता, एका भर पावसाळ्यात बाबा गेले.

वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच मामानं आम्हाला सांगितलं की होडी त्याची आहे. भांडला नाही, ओरडला नाही. आई चुलीपुढे बोंबील भाजत होती आणि मामा उंबऱ्यात टेकून, जणू उद्या वारा कुठून येणार ते सांगावं तसं म्हणाला की भावोजींनी होडी मला कधीच दिली होती, ताई, तुला ठाऊक नसेल. आईच्या हातातला चिमटा तसाच राहिला. बोंबील जळून गेला, त्याचा कडू धूर घरभर झाला, आणि मामा खोकत बाहेर पडला. आम्ही तिघं उरलो. होडी गेली तर आईला दुसऱ्याच्या मासळीची पाटी डोक्यावर घ्यावी लागणार, वसंता दुसऱ्याच्या होडीवर पोऱ्या म्हणून जाणार आणि माझी मॅट्रिक तिथेच संपणार, हे न बोलता तिघांनाही कळलं. त्या काळी आमच्याकडे असल्या गोष्टींना कागद नसायचा. माणसाचा शब्द असायचा, आणि शब्द देणारा माणूस वलांडीपलीकडच्या मसणात होता.

आई जमातीपुढे गेली. होळीच्या मैदानात बैठक बसली, पुरुष मध्ये, बाया कडेला. मामा आला तो काखेत आमच्या ओटीवरचा फोटो घेऊन. त्यानं तो कधी भिंतीवरून काढला ते आम्हाला कळलंही नव्हतं. तो त्यानं पाटलांच्या हातात दिला आणि गोड आवाजात त्याचा अर्थ सांगायला लागला. बघा, म्हणाला, पोर झालं त्याच्या दुसऱ्या वर्षाचा हा फोटो. भावोजींच्या छातीनं दगा दिला होता. मला खुर्चीत बसवलं, नारळ माझ्या मांडीवर दिला आणि स्वतः मागे उभे राहिले. मुद्दाम माणिकपूरहून माणूस बोलावला, नंतर कुणी शंका घेऊ नये म्हणून. मग त्यानं फोटोतल्या बाबांवर बोट ठेवलं. ते वाक्य मला पाठ आहे. "तांडेलाचे हात बघा. मागे हायेत. हात मागे म्हंजे हक्क सोडला. याहून आनखी काय इचारता?"

फोटो हातोहात फिरला. माणसं तो डोळ्यांजवळ नेऊन बघत होती आणि माना हलवत होती. खरंच, मामा बोलत होता तसंच फोटोत दिसत होतं. देखणा मामा पुढे, सोनं त्याच्या मांडीवर, आणि मागे एक माणूस हात पाठीशी घेऊन. फोटोतल्या दोन खलाशांपैकी एक सातपाटीला निघून गेलेला, दुसरा आता मामाच्या हाताखाली कामाला आणि जमिनीकडे बघत बसलेला. इनासला विचारून झालं होतं. तो बिचारा म्हणाला, मी दर पुनवेला अर्नाळ्याला येतो, कुठला कुठल्या वर्षीचा ते कसं सांगू? पाटील म्हातारे, सावध. ते आईला म्हणाले, बाय, तुला काही बोलायचंय? आई रडू लागली. दुसऱ्या कुणी लुबाडलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण समोर पाठचा भाऊ होता. कुंपणानंच शेत खाल्लं तर शेतानं ओरडावं कुणाच्या नावानं?

फोटो फिरत फिरत बायांकडे आला आणि माझ्या हातात पडला. मी त्यात मामाकडे बघितलंच नाही. मी स्वतःकडे बघितलं. मी उठून पाटलांना म्हटलं, आजोबा, मी बोलू का? त्यांनी मान हलवली. मी मध्ये गेले, फोटो सगळ्यांना दिसेल असा धरला आणि म्हटलं, "मामा म्हनतो, बाबांनी हक्क सोडला म्हनून त्यांचे हात मागे. मग माझे कशाला मागे? मी काय सोडलंतं?" कुणीतरी हसलं. मी म्हटलं, बघा, खलाशांचे हात पुढे, खुर्चीवर, नारळापासून वितीवर. फक्त आम्हा दोघांचे मागे. मामाच्या कपाळावर गंध आहे, खलाशांच्या आहे, आमच्या दोघांच्या नाही. पुनवेच्या दिवशी तांडेल कपाळ मोकळं ठेवून बंदरावर जातो का? मैदानात आता बायांची कुजबुज सुरू झाली. बायांना आधी कळलं. मग मी विचारलं, "आनि हा जर दुसऱ्या वर्षीचा फोटू, तर माझी आई कुठंय? वसंता कुठंय? दोन पोरं गेल्यावर झालेला तांडेलाचा लेक, वर्षाचा होऊन पुनवेला अंगावर सोनं घालायचा, त्याला फोटूत घेतला नाय आनि हिरामामाला घेतला?"

कडेला बसलेली एक म्हातारी सुईण मोठ्यानं म्हणाली, "सोयर होती. बाळंतीन आत होती, मीच होतं तिच्यापाशी." मग सगळ्यांनाच आठवलं. माणसांना असंच आठवतं, आधी एकाला धीर यावा लागतो. जमिनीकडे बघणारा खलाशीही उठून म्हणाला की होय, तांडेलांनी सोयर म्हणूनच हात मागे घेतले होते, मी ऐकलंय. मामा एकदा हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर अडलं. पाटलांनी फोटो मांडीवर पालथा घातला आणि सांगितलं की होडी वसंताची, तो मोठा होईतो त्याच्या आईची. आयत्या बिळावरचा नागोबा असा बाहेर निघाला.

इतर कुणी इथे गोष्ट संपवली असती. आईनंही संपवली होती. ती पाटलांना म्हणाली, त्याला फक्त घरातून जायला सांगा. मीच आडवी आले. मी म्हटलं, मामाला जायला सांगू नका. त्याला आमच्याच होडीवर राहू द्या, खलाशी म्हणून. आणि दंड म्हणून एकच गोष्ट द्या. येत्या पुनवेला इनासला बोलवा आणि आमचा फोटो काढा. खुर्चीवर आई, मांडीवर नारळ, आणि मागे मामा, हात पाठीशी घेऊन. विधवेच्या हातात पूजेचा नारळ, हे कुणाच्या घशाखाली उतरेना. पाटलांनी दाढी खाजवली. शेवटी म्हणाले की नारळ लेकाच्या हातात असेल, लेक आईच्या मांडीवर असेल, आणि लेक लहान आहे तेव्हा त्याच्या हाताखाली आईनं हात धरला तर दर्या काही म्हणणार नाही. म्हातारा सावध होता म्हटलं ते एवढ्यासाठी.

पुनवेला अख्खं बंदर बघायला आलं. फुलांचा हार निर्मळहून मागवला होता. वसंता आईच्या मांडीत, त्याचे हात नारळावर, आईचे हात त्याच्या हातांखाली. मी खुर्चीच्या उजवीकडे, माझा हात खुर्चीवर, उघडा, पाची बोटं दिसतील असा पसरलेला. आणि मागे हिरामामा. इनास सवयीनं म्हणाला, हात पुढे घ्या, हात दिसले पाहिजेत. मी म्हटलं, नको, तसेच राहू देत. मामाची मान खाली गेली, इनासनं वर बघायला सांगितलं, आणि त्या क्षणी त्याचे डोळे वर येता येता आईच्या खांद्यावर थांबले. तसाच तो फोटोत उतरला, चोरासारखा, बहिणीच्या पदराकडे बघत. मला फार आनंद झाला. माझ्या लग्नातही मला तेवढा आनंद झाला नव्हता, आणि नवरा चांगला होता, माझ्यासाठी आमच्याच घरी राहायला आला होता.

तो फोटो मी ओटीवर दारासमोर लावला, जुना कपाटात पालथा घातला. मामा रोज पहाटे होडीची वल्ही न्यायला त्या ओटीवर यायचा आणि रोज संध्याकाळी ठेवायला यायचा. आल्या-गेल्या पाहुण्याला मी फोटो दाखवायचे आणि मामा समोर असला तर सावकाश दाखवायचे. आईनं तो दोनदा उतरवला, मी दोनदा पुन्हा लावला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "भाव हाय माझा. किती दिवस टांगून ठेवशील त्याला?" मी म्हटलं, बाबांना त्यानं एका दिवसात टांगलं होतं. त्यानंतर ती त्या भिंतीकडे न बघता चालायला शिकली. मी मात्र आजही बघते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि माझा सुंभ अजून जळलेला नाही. माझ्या बापाला, ज्यानं त्याला घास भरवला त्या माणसाला, सगळ्या गावापुढे हक्क सोडलेला लाचार ठरवलं त्यानं, आणि तेही बाबांनी देवाला विटाळ होऊ नये म्हणून मागे घेतलेल्या हातांवर बोट ठेवून. होडी घेतली असती तर मी एखाद्या दिवशी विसरलेही असते. हातांचं विसरता येत नाही.

मामा खूप जगला. त्याची मुलं दर्यावर गेली नाहीत, विरारला फ्लॅटमध्ये गेली आणि म्हातारपणी त्यालाही घेऊन गेली. मागच्या हिवाळ्यात तो वारला. दुसऱ्याच दिवशी त्याचा नातू दारात. सातिवलीला कुठल्याशा गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, तोंडानं गोड, नाक आजोबांचं. चहा घेत म्हणाला, "आत्या, बॅनरला आजोबांचा एक पण ढंगाचा फोटो नाही. सगळे हॉस्पिटलमधले नाहीतर आधार कार्डवरचे. पण आजोबा नेहमी सांगायचे, त्यांचा एक मस्त फोटो आहे तुमच्याकडे, खुर्चीत बसलेला, हातात सोन्याचा नारळ. तेव्हा बोट त्यांची होती ना?"

मी बशी खाली ठेवली. म्हणजे शेवटपर्यंत सांगत होता. गावात तोंड उघडता येत नव्हतं म्हणून विरारला लिफ्टच्या घरात बसून नातवंडांना सांगत होता. मेल्यावर वैर संपतं म्हणतात. मी त्या मुलाकडे बघितलं आणि क्षणभर वाटलंही, की द्यावा, कपाटातला काढून द्यावा, पोराचा काय दोष. मग बाबा आठवले, मागे उभे, हसणारे. मी उठले, ओटीवर गेले आणि भिंतीवरचा फोटो उतरवला. तो बघून मुलगा गोंधळला. म्हणाला, हा तो नाही वाटतं. यात आजोबा मागे आहेत. आणि हात का असे मागे घेतलेत?

"तुझ्या आजोबांनीच अख्ख्या गावाला सांगितलंय, फोटोत हात मागे असले की काय समजायचं ते," मी म्हटलं. "अर्नाळ्यात कुणालाही विचार. तोंडपाठ आहे सगळ्यांना." त्यानं मान हलवली, काही मोठेपणाचीच गोष्ट असावी असं त्याला वाटलं. मी एकच अट घातली, कापायचा असेल तर इतरांना काप, पण आजोबा कंबरेपर्यंत पूर्ण यायला हवेत. दंड दिसले पाहिजेत. त्यानं मोबाइलवर फोटो काढून घेतला, माझ्या पाया पडला आणि गेला.

बॅनर लागला अर्नाळ्याच्या नाक्यावर, रिक्षा थांबतात तिथे. 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली देखणा, उंच हिरामामा, दोन्ही दंड मागे वळलेले, नजर खाली कुणाच्या तरी खांद्याकडे. खांदा कापला गेला होता, पण आईच्या पदराचा एक काठ कोपऱ्यात राहून गेला होता. विरारकडची माणसं हात जोडून पुढे जात होती. आमच्या बाया मात्र मासळीच्या पाट्या खाली ठेवून बघत होत्या, एकमेकींना कोपर मारत होत्या, आणि म्हाताऱ्या तरण्यांना सगळं पहिल्यापासून सांगत होत्या. मी रोज सकाळी चालायला त्याच रस्त्यानं जाते, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं. बारावं-तेरावं उरकल्यावर तो नातू दोन पोरं आणि शिडी घेऊन बॅनर उतरवायला आला. मला बघून म्हणाला, आत्या, आता काढून टाकू ना?

"राहू दे आणखी थोडे दिवस," मी म्हटलं. "माणूस मोठा होता."